शालेय वर्गासाठी पाळीव प्राण्याची निवड : वैराग परिसराच्या अनुषंगाने एक विवेचन

१. प्रश्नाचे स्वरूप

वर्गात एखादा सजीव प्राणी असावा, ही कल्पना बालशिक्षणाच्या क्षेत्रात नवी नाही. मारिया माँटेसरी यांनी १९०९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात वनस्पती व प्राणी यांच्या संगोपनास स्वतंत्र स्थान दिले होते. आपण पाणी व चारा दिला नाही तर हा जीव जगणार नाही, ही जाणीव झालेले मूल कोणी न सांगता दक्ष व दूरदर्शी बनते, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे. महाराष्ट्रात बालशिक्षणाचा विचार ज्यांनी खेड्यापर्यंत नेला त्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. पुढे कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्यासह त्यांनी कुरणशाळेचा प्रयोग केला. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, तेव्हा शाळाच त्यांच्याकडे कुरणात गेली.

या दोन्ही उदाहरणांचा एकत्र विचार केला असता एक गोष्ट स्पष्ट होते. वर्गातील प्राण्याचे शैक्षणिक मूल्य त्याच्या गोंडसपणात नसून त्याच्या परावलंबित्वात आहे. परंतु हे परावलंबित्व शाळेच्या घंटेबरोबर संपत नाही. शाळा रविवारी बंद असते, दिवाळीत बंद असते, आणि मेच्या आरंभापासून जूनच्या मध्यापर्यंत तर ती बंदच असते. प्राण्याची भूक व तहान मात्र चालूच राहते. म्हणून ‘मुलांना कोणता प्राणी आवडेल?’ हा प्रश्न दुय्यम होय. ‘कोणत्या प्राण्याचे आयुष्य शाळेच्या वर्षात सामावू शकेल?’ हा मूळ प्रश्न होय.

सोलापूर जिल्ह्यातील बार्शी तालुक्यात, बार्शी-सोलापूर रस्त्यावर वसलेले वैराग हे बाजाराचे गाव या विवेचनासाठी घेतले आहे. हा प्रदेश पर्जन्यछायेत येतो. उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते व पाण्याची टंचाई नेमेचि येते. येथील मुलास प्राणी अपरिचित नसतो. शेळी, म्हैस, बैल, कोंबडी यांच्याशी त्याचा नित्याचा संबंध येतो. तेव्हा शहरी शाळेतील ‘प्राण्याची ओळख’ हा हेतू येथे गैरलागू ठरतो. जो जीव सहवासात असूनही बारकाईने पाहिला जात नाही, त्याचे पद्धतशीर निरीक्षण, हाच येथे हेतू असावयास हवा.

२. निवडीचे निकष

वरील विचारावरून पाच निकष निष्पन्न होतात. (अ) प्राण्याचा जीवनक्रम किंवा त्याची व्यवस्था सुट्यांशी जुळणारी असावी. (आ) स्थानिक हवामान त्यास मानवावे. (इ) तो बाळगणे कायद्यास धरून असावे. (ई) त्यापासून मुलांस रोग वा इजा होण्याचा संभव अल्प असावा. (उ) त्याच्या ठायी मुलांना नोंद करता येईल असा बदल घडत असावा.

यांपैकी कायद्याचा निकष बहुधा दुर्लक्षिला जातो. पिंजऱ्यातील पोपट हे दृश्य आपल्याकडे इतके सरावाचे आहे की तो बाळगणे हा गुन्हा आहे, हेच अनेकांच्या ध्यानी येत नाही. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने आपल्याकडील पोपटास संरक्षण दिले आहे. पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेल्या तारांकित कासवासही ते आहे. या अधिनियमात २०२२ साली झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, आणि तिने अनुसूचींची फेरमांडणी केली. माळावरून उचलून आणलेले तित्तराचे वा रानसशाचे पिल्लूही वर्गात ठेवता कामा नये. वैरागहून सोलापूरकडे जाताना ज्या नान्नज गावी १९७९ साली माळढोकाचे अभयारण्य झाले, त्या माळरानाच्या शेजारी वाढणाऱ्या मुलांना हा धडा तर अधिकच अगत्याचा आहे. शिवाय, प्राण्यास पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात कोंडणे हे १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियमान्वये क्रौर्य ठरते.

३. प्रचलित पर्यायांची परीक्षा

ससा व गिनीपिग हे प्राणी शांत असल्याने त्यांची शिफारस अनेकदा केली जाते. परंतु दोहोंनाही उष्मा सोसत नाही. ३० अंशांपलीकडे त्यांना त्रास होऊ लागतो, आणि पत्र्याच्या छताखालील बंद वर्गात एप्रिलची एक दुपारही त्यांच्या जिवावर बेतू शकते. गिनीपिगच्या शरीरात ‘क’ जीवनसत्त्व तयार होत नाही. १९०७ साली होल्स्ट व फ्रोलिख या नॉर्वेजियन संशोधकांनी स्कर्व्ही रोगाचा अभ्यास याच प्राण्यावर केला, तो यामुळेच. म्हणजे ताजा हिरवा पाला त्यास रोज, सुटीतही, मिळाला पाहिजे. ससा आठ-दहा वर्षे जगतो. ज्या मुलांनी तो आणला ती शाळा सोडून गेल्यावर त्याचा वाली कोण, हा प्रश्न उरतोच.

बाजारात मिळणारे लाल कानांचे परदेशी कासव वरकरणी सोयीचे वाटते. परंतु कासवांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात. मुलांना होणाऱ्या या संसर्गामुळेच अमेरिकेत १९७५ साली चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी आली. हे कासव मोठे झाल्यावर बहुधा विहिरीत वा ओढ्यात सोडले जाते व तेथील मूळच्या जलचरांस उपद्रव देते. बजरीगर जातीचे परदेशी पक्षी कायद्याच्या कक्षेत अडचणीचे नाहीत. तथापि त्यांच्या वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून सिटॅकोसिस हा श्वसनाचा रोग माणसास होऊ शकतो, आणि सुटीचा प्रश्नही सुटत नाही. कुत्रा वर्गास योग्य नव्हे. लसीकरण व दंश या दोन्ही बाबतींतील दायित्व शाळेस पेलणारे नाही.

गप्पी मासा मात्र विचारार्ह आहे. मूळचा दक्षिण अमेरिकेतील हा मासा डासांच्या अळ्या खातो, म्हणून हिवताप-नियंत्रणासाठी तो आपल्याकडे वापरला जातो. सावलीतील हौदात तो दोन-तीन दिवस देखरेखीवाचून राहू शकतो, आणि मादी सुमारे महिन्याने जिवंत पिलांना जन्म देते. उन्हाळ्यात पाणी आटू लागल्यास हे मासे आरोग्य केंद्राच्या पैदास हौदात पोचवावेत. ओढ्यात वा नदीत कदापि सोडू नयेत.

४. तुतीवरील रेशीम अळी

सर्व निकषांवर जो जीव उतरतो तो वैराग परिसरास परका नाही. सोलापूर जिल्ह्यात, तसेच शेजारच्या धाराशिव व बीड जिल्ह्यांत अनेक शेतकरी तुतीची लागवड करून रेशीम कोषांचे उत्पादन घेतात. हे शेतकरी दुसऱ्यांदा कात टाकलेल्या अळ्या, म्हणजे ‘चॉकी’, आणतात. त्यांच्याकडून पन्नासेक अळ्या शाळेस सहज मिळू शकतील.

या अळीचा जीवनक्रम पाहू. अंड्यातून बाहेर पडल्यापासून कोष विणण्यापर्यंत तिला सुमारे २४ ते २८ दिवस लागतात. त्या अवधीत ती चार वेळा कात टाकते व तिचे वजन जवळजवळ दहा हजार पटींनी वाढते. चॉकीपासून आरंभ केल्यास अडीच ते तीन आठवड्यांत कोष तयार होतो, पुढे दहा-बारा दिवसांनी पतंग बाहेर येतो, अंडी घालतो आणि काही दिवसांत मरतो. अवघा प्रपंच पाच आठवड्यांत आटोपतो. जुलैअखेर वा ऑगस्टमध्ये, तुतीला पावसाची नवी पालवी असताना आरंभ केल्यास दिवाळीच्या सुटीपूर्वी तो सहज पूर्ण होतो. या अळीस २४ ते २८ अंश तापमान मानवते. मार्च ते मे हा काळ अर्थातच वर्ज्य होय.

एक अळी आयुष्यात साधारण २० ते २५ ग्रॅम पाला खाते व त्यातील चार-पंचमांशाहून अधिक शेवटच्या अवस्थेत खाते. म्हणजे पन्नास अळ्यांना एकूण सव्वा किलोच्या आसपास पाला लागतो; शाळेच्या आवारातील तुतीची दोन-चार झाडे त्यास पुरेत. रविवारी पुठ्ठ्याचे खोके पाळीपाळीने एखाद्या विद्यार्थ्याने घरी न्यावे. पाला ओला नसावा व त्यावर औषधाची फवारणी झालेली नसावी. जवळच्या शेतातून वाऱ्याने आलेली फवारणीही घातक ठरते. वर्गात डासांची अगरबत्ती लावू नये. उझी माशी अळीच्या अंगावर अंडी घालते, म्हणून खोक्यावर जाळीचे कापड बांधावे. मुंग्यांपासून रक्षणासाठी खोके ठेवलेल्या मेजाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत. अळी कात टाकते त्या सुमारास सुमारे एक दिवस ती खात नाही व हलत नाही. ती मेली असे मुलांस वाटते. तिला न डिवचता वाट पाहणे हाही शिक्षणाचाच भाग होय. पतंगांच्या पंखांवरील खवल्यांनी दम्याच्या रुग्णास त्रास होऊ शकतो, म्हणून त्या अवस्थेत खोके झाकलेले असावे.

५. एक नाजूक प्रश्न

या निवडीत एक अडचण आहे व ती झाकून ठेवणे योग्य नव्हे. रेशमाचा अखंड धागा काढावयाचा तर कोषातील जीव उष्णतेने मारावा लागतो. पतंग कोष भेदून बाहेर आला की धागा तुटतो. मुले हा प्रश्न विचारणारच. ज्या मुलाने तीन आठवडे आपल्या हाताने पाला घातला, त्यास यावर खरे उत्तर मिळण्याचा अधिकार आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते वर्गातील सर्व कोषांतून पतंग बाहेर येऊ द्यावेत, आणि रेशीम-व्यवसायात काय घडते ते वयानुरूप शब्दांत स्पष्ट सांगावे. ज्यांच्या घरी रेशीम पिकते अशी मुलेही वर्गात असणार. त्यांच्या पालकांच्या चरितार्थाचा उपमर्द होणार नाही, हे शिक्षकाने पाहिले पाहिजे. वर्गात मिळालेली अंडी शेतकऱ्यांस देऊ नयेत, कारण पेब्रिन हा रोग अंड्यांवाटे पुढील पिढीत जातो. ती शिक्षकाने उकळून नष्ट करावीत. हा पतंग उडू शकत नाही, आणि माणसाच्या आश्रयावाचून ही जात जगत नाही. तेव्हा त्यास ‘निसर्गात सोडून देणे’ ही दया नव्हे, हेही मुलांस समजावे.

६. समारोप

या विषयात अभ्यासास योग्य असे दोन प्रश्न सुचविता येतील. शेतकरी कुटुंबातील व बिगरशेती कुटुंबातील मुलांच्या निरीक्षण-नोंदींत काही भेद आढळतो काय? आणि पाळी चुकविण्याचे प्रमाण पहिल्या आठवड्यापासून पाचव्यापर्यंत कसे बदलते? दोहोंस खर्च नगण्य असून साधने वर्गातच उपलब्ध आहेत. मात्र प्रयोग कोणताही असो, प्राणी वर्गात येण्यापूर्वी सुटीतील जबाबदारीचे नाव व त्याच्या अखेरीची व्यवस्था कागदावर लिहिलेली असली पाहिजे. ती लिहिता येत नसेल, तर त्या वर्षी प्राणी आणू नये. मुलांना घेऊन शेजारच्या गोठ्यावर जावे.