मनाच्या डॉक्टरांची ओळख

ताप आला की दवाखाना आणि दाढ दुखली की दंतवैद्य, हे विद्यार्थ्याला कुणी शिकवावे लागत नाही. परंतु झोप उडाली, अभ्यासात लक्ष लागेना, जगणेच नकोसे वाटू लागले, तर कोणाकडे जावे, हे पदवीच्या वर्गातील किती मुले सांगू शकतील? मानसोपचारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक हे शब्द त्यांच्या कानांवर पडतात. त्यांतील भेद क्वचितच ठाऊक असतो.

समजुती मात्र पक्क्या असतात. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे ‘वेड्यांचा डॉक्टर’, जन्माच्या गोळ्या लावणारा. मनोरुग्णालयांमुळे ठाणे आणि येरवडा ही नावे महाराष्ट्रात थट्टेचा विषय झाली, त्याचीच ही सावली. मानसशास्त्रज्ञ म्हणजे मनातले ओळखणारा. समुपदेशक म्हणजे दहावीनंतर शाखा सुचविणारा किंवा, त्याहून वाईट, ऐकलेले प्राचार्यांच्या कानी घालणारा. एकाची भीती, दुसऱ्याचे कुतूहल आणि तिसऱ्याविषयी अविश्वास!

वस्तुस्थिती निराळी आहे. मानसोपचारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवीनंतर या शाखेचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर. तो औषधे देऊ शकतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ औषधे देत नाही. तो चाचण्या घेतो, संवादातून शास्त्रशुद्ध उपचार करतो. समुपदेशक अडचण मोकळेपणी बोलू देतो, मार्ग शोधण्यास साहाय्य करतो आणि विकार बळावलेला दिसल्यास पुढे पाठवितो.

ग्राहकाला मालाची पारख नसेल तर बाजार नीट चालत नाही, हा अर्थशास्त्राचा नियम येथेही लागू पडतो. ज्याला औषधाची गरज आहे तो भीतीपोटी डॉक्टर टाळतो; ज्याचे चार भेटींत भागले असते तो कोणाकडेच जात नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, निरनिराळ्या विकारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचत नसल्याचे आढळले होते. त्याला तज्ज्ञांची टंचाई कारण आहे, तसाच हा संकोचही.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, १०० वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा समाजकार्यकर्ता नेमावा, असे निर्देश दिले. हे स्वागतार्हच. परंतु ही जबाबदारी गुण देणाऱ्या प्राध्यापकाच्याच गळ्यात अतिरिक्त काम म्हणून बांधली गेली, तर त्या खोलीची पायरी कोण चढेल? मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. तो विद्यार्थ्यांना ठाऊक नसेल तर कागदावरच राहील.

म्हणून वर्षारंभी एक तास तरी या विषयाला द्यावा. कोण कोणते काम करतो, पात्रता कशी विचारावी, सांगितलेले किती गुप्त राहते आणि जिवाला धोका दिसल्यास त्याला अपवाद कधी होतो, हे स्पष्ट सांगावे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ या निःशुल्क सेवेचा १४४१६ हा क्रमांक सूचनाफलकावर लावावा. याला फारसा खर्च नाही. न केल्यास जी किंमत मोजावी लागते, ती मात्र कोणत्याही अंदाजपत्रकात मावणारी नाही.