डंकेलच्या सभा आणि आजचे संवाद

१९ ऑगस्ट २०२५ ला कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठलं. आधी ३० सप्टेंबरपर्यंत आणि मग मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत, म्हणजे आमच्याकडचा कापूस घरात येतो नेमक्या त्या दिवसांत. ही बातमी आम्हाला अधिसूचनेतून कळली. त्यावर आमच्या जिल्ह्यात एक सभा झाल्याचं मला आठवत नाही. त्याच सुमारास ‘कौशल्य, अर्थव्यवस्था आणि युवा’ अशा भारदस्त विषयावर एक संवाद मात्र झाला. हॉटेलचा थंडगार हॉल, गळ्यात ओळखपत्रं, व्यासपीठावर खुर्च्या कमी पडतील इतके मान्यवर. प्रश्न मोबाइलवरून आधी पाठवायचे होते, निवडक घेतले जाणार होते. मग वेळ उरला नाही, म्हणून एकही घेतला नाही. कापूस हा शब्द दिवसभरात कोणी उच्चारला नाही. सहभागाचं प्रमाणपत्र जेवणाआधी मोबाइलवर आलं.

जाहीर व्यासपीठावर अर्थकारण मांडण्याची महाराष्ट्राची परंपरा जुनी आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केलेली पुण्याची वसंत व्याख्यानमाला, १८९० ची तिथलीच औद्योगिक परिषद, पुढे मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियममध्ये नानी पालखीवालांचं बजेटवरचं भाषण ऐकायला लोटणारी गर्दी, हे सगळं आदरणीय आहे. पण तिथे लोक ऐकायला जात, भांडायला नाही. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी आंबेठाणला शिबिरं घेऊन शेतकऱ्यांना उत्पादन खर्चाचा हिशेब मांडायला शिकवलं, तेव्हा खरा फरक पडला. त्यावर इतकं लिहून झालंय की मी भर घालत नाही.

मला बोलायचंय ते १९९१ नंतरच्या दहा वर्षांबद्दल. ती मी बातमीदार म्हणून बाजार समितीच्या शेडमध्ये आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत सतरंजीवर बसून काढली.

डिसेंबर १९९१ मध्ये गॅटचे महासंचालक आर्थर डंकेल यांनी जागतिक व्यापार कराराचा मसुदा मांडला आणि वर्षभरात हा माणूस आमच्या तालुक्यात घरोघरी माहीत झाला. डाव्यांचे अभ्यासवर्ग, स्वदेशीवाल्यांच्या सभा, शेतकरी संघटनेची शिबिरं, एकाच गावात एकाच आठवड्यात. जोशी उघडपणे डंकेलच्या बाजूने होते. सरकार शेतकऱ्याला सबसिडी देत नाही, उलट भाव पाडून त्याच्याकडून काढून घेतं, हे ‘उणे सबसिडी’चं गणित त्यांचे कार्यकर्ते खडूने फळ्यावर मांडत. समोरच्या बाजूला पेटंटची भीती होती. बियाणं घरचं ठेवता येणार नाही, कंपनीचे लोक कोठारात शिरतील वगैरे. यातलं पुष्कळसं अतिरंजित होतं. तुळस आणि गोऱ्हासुद्धा पेटंटमध्ये जाणार, असं सांगणारे महाभाग मी ऐकलेत. त्यांपैकी घसा सर्वांत कोरडा करणारे एक गृहस्थ पुढे एका बियाणे कंपनीचे सल्लागार झाले. असो.

पण दोन्ही बाजूंना गावात यावं लागत होतं, आणि आल्यावर सुटका नव्हती. एका सभेत जागतिक बाजाराची गोडी सांगून झाल्यावर मागून एक म्हातारे उठले आणि म्हणाले, “साहेब, अमेरिकेच्या शेतकऱ्याले तिथलं सरकार किती देते, तेवढं सांगा, मग बाकीचं सांगा.” वक्त्याकडे आकडा नव्हता. पुढच्या खेपेला तो आकडा घेऊन आला. मी ही बातमी सविस्तर लिहून पाठवली, तर आमच्या डेस्कवरच्या साहेबांनी ती ‘वाचकांना रस नाही’ म्हणून चार ओळींची केली आणि खाली एका नटीच्या लग्नाची बातमी लावली. म्हाताऱ्याचा प्रश्न किती नेमका होता, हे पुढे दिसलंच. १९९५ मध्ये जगाच्या बाजारात पौंडाला एक डॉलरवर गेलेला कापूस २००१–०२ मध्ये चाळीस सेंटच्या आसपास आला. अमेरिकेच्या अनुदानाने भाव पडतात, ही तक्रार पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या चार देशांनी २००३ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत मांडली. आमच्या शेडमध्ये ती कधीच मांडून झाली होती.

भांडण वायाही गेलं नाही. २००१ च्या वाणसंरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यात शेतकऱ्याने स्वतःचं बियाणं राखणं, पेरणं, देणंघेणं आणि विकणं याचा हक्क शाबूत राहिला. कंपनीच्या नावाने विकायचं नाही, एवढीच अट. देशभर असा गलका उठला नसता तर ते कलम तसं लिहिलं गेलं असतं, यावर माझा विश्वास नाही.

तोच प्रकार विजेचा. दाभोळच्या एन्रॉन प्रकल्पाचा करार डिसेंबर १९९३ मध्ये झाला, १९९५ मध्ये नव्या सरकारने तो रद्द केला आणि थोड्याच दिवसांत फिरून जुळवून घेतलं. पुण्याच्या ‘प्रयास’ संस्थेने केलेली आकडेमोड घेऊन लोक गावोगाव फिरत. वीज खरेदी करार म्हणजे काय, प्रकल्प बंद असला तरी स्थिर आकार का भरावा लागतो, हे बारावी नापास पोरांना तोंडपाठ होतं. १९९९ मध्ये राज्याचा वीज नियामक आयोग आला आणि दरवाढीवर जाहीर सुनावण्या सुरू झाल्या. शेतीच्या नावावर दाखवलेली बरीचशी वीज प्रत्यक्षात गळती आणि चोरी होती, हे त्या सुनावण्यांच्या निमित्ताने उघडं पडलं. वर्षानुवर्षं ‘शेतकरी वीज खातो’ म्हणून टोमणे मारणाऱ्या शहरी विद्वानांपैकी एकानेही नंतर शब्द मागे घेतल्याचं मी ऐकलं नाही.

त्यानंतरची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. सभांच्या कार्यशाळा झाल्या, कार्यशाळांना प्रायोजक आले, प्रायोजकांमागून छायाचित्रकार आले. वाद गेला, सादरीकरण आलं. कौशल्याचंच घ्या. २००९ च्या राष्ट्रीय कौशल्य धोरणाने २०२२ पर्यंत ५० कोटी लोकांना कुशल करायचं ठरवलं. २०१५ मध्ये स्किल इंडियाचा बार उडाला. शारदा प्रसाद समितीने २०१६ मध्येच उद्दिष्टं अवास्तव असल्याचं आणि क्षेत्रनिहाय कौशल्य परिषदांत हितसंबंध गुंतल्याचं सांगितलं. त्या अहवालावर आमच्याकडे एक तरी परिसंवाद झाला का? २०२२ आलं, गेलं, कोणी हिशेब मागितला नाही.

आता मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आहे. बारावीला सहा हजार, आयटीआय-पदविकेला आठ, पदवीला दहा हजार विद्यावेतन, सहा महिने, नंतर पाच महिन्यांची वाढ. पैसे मिळाले हे बरंच झालं, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण अकरा महिन्यांनंतर काय, हा प्रश्न त्या मुलांना कोणत्याही संवादात विचारता आला नाही. तो त्यांनी आझाद मैदानात बसून विचारला. तोपर्यंत आमच्या हॉटेलातल्या मान्यवरांनी ‘रोजगारक्षम बना’ असा उपदेश करून हारतुरे घेतले होते.

जुन्या सभाही काही पवित्र नव्हत्या. बायका मागच्या भिंतीला टेकून बसत आणि त्यांना माइक क्वचितच मिळे. मजूर तर येतच नसत, रोजी कोण बुडवणार? त्या उणिवा आजच्या थंड हॉलमध्ये भरून निघाल्या असत्या तर मी तक्रार केली नसती.

संवाद भरवणाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे. पुढच्या पत्रिकेवर मान्यवरांच्या नावांऐवजी मागच्या वर्षी तुमच्याकडून शिकून गेलेल्यांपैकी किती जण आज कामावर आहेत आणि किती पगारावर, तो आकडा छापा. तालुक्याच्या बाजार समितीत जागा घ्या, भाषणं अर्ध्या तासात आटपा आणि उरलेला वेळ माइक खाली द्या.