टॅबवर पोटापाण्याचं काम होतं का?

१ फेब्रुवारी २०२१ रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन संसदेत आल्या, तेव्हा त्यांच्या हातात लाल वेष्टनातली, बही-खात्यासारखी दिसणारी वस्तू होती. आत कागद नव्हते, टॅबलेट होता. त्या वर्षी अर्थसंकल्पाच्या प्रती नेहमीसारख्या छापल्या नव्हत्या. अर्थमंत्र्यांनी भाषण पडद्यावरून वाचलं.

देशाचा अर्थसंकल्प टॅबवरून मांडता येतो, तर आपलं ऑफिसचं काम टॅबवर का होणार नाही, असं कोणालाही वाटेल. पण त्या दिवशी टॅबनं केलेलं काम वाचून दाखवण्याचं होतं. आकडे गोळा करणं, तक्ते एकमेकांशी जुळवणं, दहा ठिकाणची माहिती एका जागी आणणं, हे वेगळ्या जातीचं काम. ‘संगणकावरचं काम’ म्हणताना आपण ही दोन्ही कामं एकाच नावानं ओळखतो. लॅपटॉप की टॅब, या प्रश्नाचा गुंता तिथून सुरू होतो. तो एकेक धागा काढून सोडवू या.

ताकदीचा प्रश्न मिटलेला आहे

ॲपलच्या स्टीव्ह जॉब्ज यांनी २७ जानेवारी २०१० रोजी पहिला आयपॅड जगाला दाखवला तो मंचावर आरामखुर्चीत बसून. बातम्या वाचा, फोटो पाहा, ईमेल करा, असा त्याचा थाट होता. कामाचं यंत्र म्हणून त्याकडे कोणी फारसं पाहिलं नाही, कारण तेव्हा त्यात तेवढी ताकदही नव्हती.

आज ती तक्रार उरलेली नाही. ॲपलनं २०२० च्या अखेरीस मॅकबुक एअरमध्ये घातलेली एम-१ ही चिप २०२१ मध्ये आयपॅड प्रोमध्येही आली. २०२४ मध्ये तर उलटं घडलं. एम-४ ही चिप मे महिन्यात आधी आयपॅड प्रोमध्ये आली आणि मॅकमध्ये त्यानंतर काही महिन्यांनी. तो १३ इंची आयपॅड ५.१ मिलिमीटर जाड आणि सुमारे ५८० ग्रॅम वजनाचा. म्हणजे वहीएवढ्या पाटीत लॅपटॉपचंच इंजिन बसलं आहे. सॅमसंगच्या वरच्या किमतीच्या टॅबमध्येही नेहमीच्या कामाला पुरून उरेल इतकी ताकद असते.

म्हणून दुकानदार चिपचा वेग आणि रॅमचे आकडे सांगू लागला, की ते ऐकून घ्यावेत, पण निर्णय त्यावर घेऊ नये. अडचण इंजिनात नाही, घराच्या रचनेत आहे.

वाडा आणि बंद खोल्या

लॅपटॉपवरची विंडोज किंवा मॅक ही ऑपरेटिंग सिस्टिम जुन्या वाड्यासारखी असते. मधला चौक सगळ्यांचा. तुम्ही डेस्कटॉपवर ठेवलेली एक्सेलची फाइल एक्सेल उघडतं, हिशेबाचं सॉफ्टवेअर वाचतं, ईमेल तीच उचलून जोडतं. फाइल एक, आणि ती तुमची. प्रोग्राम येतात, तिच्यावर काम करतात आणि जातात.

आयपॅड आणि अँड्रॉइड टॅब हे मुळात फोनच्या वंशातले. तिथे प्रत्येक ॲपला स्वतंत्र, कुलूपबंद खोली दिलेली असते. एका खोलीतल्या ॲपला दुसऱ्या खोलीत डोकावता येत नाही. एकातली वस्तू दुसऱ्याला हवी असेल, तर ‘शेअर’ करावी लागते, आणि पुष्कळदा त्यात फाइलची नवी प्रत तयार होते. सकाळी ईमेलमधून उघडलेलं कोटेशन तुम्ही एका ॲपमध्ये दुरुस्त करता, संध्याकाळी ईमेलमधून परत उघडता, तर दुरुस्ती गायब. ती हरवलेली नसते, दुसऱ्या खोलीतल्या प्रतीत असते. टॅबवर नव्यानं काम करणाऱ्याचा सगळ्यात जास्त वेळ असा फायली शोधण्यात जातो.

ही रचना चुकीची नाही, विचारपूर्वक केलेली आहे. खोल्या बंद असल्यामुळे व्हायरस एका ॲपमधून सगळ्या यंत्रात सहजी पसरू शकत नाही. समोर नसलेल्या ॲपला सिस्टिम झोपवते, म्हणून बॅटरी दिवसभर टिकते. पण त्या झोपेचीही किंमत असते. मोठा व्हिडिओ तयार व्हायला लावून तुम्ही पत्र लिहायला बसलात, तर मागचं काम थांबू शकतं. लॅपटॉपवर असा विचार मनातही येत नाही.

या भिंतींना हळूहळू दारं पडत आहेत. २०१७ मध्ये आयपॅडवर ‘फाइल्स’ नावाचं ॲप आलं आणि फायलींना निदान एक सामायिक कपाट मिळालं. मार्च २०२० मध्ये माउस आणि ट्रॅकपॅडची नीट सोय झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या आयपॅड-ओएस २६ नं हव्या तशा लहानमोठ्या करता येणाऱ्या खिडक्या दिल्या, मेनूची पट्टी दिली आणि लांबलेलं काम मागे चालू ठेवण्याची मुभाही दिली. सॅमसंगच्या वरच्या टॅबमध्ये ‘डेक्स’ नावाची लॅपटॉपसारखी मांडणी २०१८ पासून आहे. फरक कमी होतो आहे, पण संपलेला नाही.

एक तिसरी जात यातून वेगळी काढायला हवी. मायक्रोसॉफ्टचा सरफेस प्रो दिसायला टॅब, पण आतून पुरता विंडोजचा संगणक. २०१४ चा सरफेस प्रो ३ कंपनीनं लॅपटॉपची जागा घेणारा टॅब म्हणूनच विकला होता. विंडोजवर चालणारी बहुतेक सॉफ्टवेअरं त्यावर चालतात. त्यामुळे त्याच्या बाबतीत प्रश्न कामाचा नसून बसण्याचा आहे. कीबोर्ड वेगळा घ्यावा लागतो, मागचा टेकू टेबलावर छान उभा राहतो, पण मांडीवर डळमळतो.

टॅब जिथे लॅपटॉपला मागे टाकतो

काही व्यवसायांत टॅब ही तडजोड नाही, ते जास्त चांगलं साधन आहे.

विमानाचे पायलट पूर्वी नकाशे आणि नियमपुस्तिकांनी भरलेली जड बॅग घेऊन कॉकपिटमध्ये चढत. अमेरिकन एअरलाइन्सनं २०१३ मध्ये आपल्या ताफ्यात ती बॅग काढून आयपॅड दिला. बॅगेचं वजन ३५ पौंड, म्हणजे जवळपास १६ किलो होतं. कॉकपिटमध्ये लॅपटॉप उघडून बसायला जागा नसते. हातात धरता येईल असं पानच तिथे हवं असतं.

चित्रकारांचंही तसंच. चांगल्या टॅबचं पेन हाताचा दाब ओळखतं, पेनाचा कल ओळखतं, आणि पडद्यावर टेकलेल्या तळव्याकडे दुर्लक्ष करतं. चित्र जिथे उमटतं तिथेच हात असतो. हे सुख लॅपटॉपच्या ट्रॅकपॅडवर मिळणारच नाही. प्रोक्रिएट हे ॲप २०११ पासून आयपॅडसाठीच बनत आलं आहे, आणि पुस्तकांची चित्रं काढून उदरनिर्वाह करणारे कितीतरी जण त्यावर काम करतात.

साइटवर उभं राहून नकाशावर खुणा करणारा आर्किटेक्ट, दोनशे पानांच्या पीडीएफवर समासात टिपणं लिहिणारा वकील, रुग्णाला एक्स-रे दाखवून समजावणारा डॉक्टर, हे सगळे याच गटातले. पाहणं, वाचणं, रेखाटणं, समोरच्याला दाखवणं आणि उभ्यानं काम करणं, यांत टॅब श्रेष्ठ. लेखनालाही तो पुरतो, फक्त कीबोर्ड जोडायला हवा. एका वेळी एकच पान समोर असणं लेखकाला फायद्याचंच ठरतं.

जिथे टॅब अडतो: सीएचं टेबल

आता एखाद्या चार्टर्ड अकाउंटंटच्या ऑफिसात जाऊ. तिथे टॅबची वाट तीन जागी अडते.

पहिली जागा टॅली. टॅलीप्राइम हे विंडोजवर बसवायचं हिशेबाचं सॉफ्टवेअर. टॅबवरच्या ब्राउझरमधून अहवाल पाहता येतात, पण नोंदींचं रोजचं काम विंडोजच्या यंत्रावरच.

दुसरी जागा एक्सेल. मायक्रोसॉफ्टनं २०१४ मध्ये ऑफिस आयपॅडवर आणलं. साधी बेरीज, तक्ते, आलेख सगळं होतं. पण ऑफिसातल्या कुणीतरी काही वर्षांपूर्वी लिहून ठेवलेला मॅक्रो, एका बटणावर साठ शाखांचे आकडे जुळवणारा, टॅबवरच्या एक्सेलमध्ये चालत नाही. फाइल उघडते म्हणून आपण निर्धास्त असतो, आणि बटण दाबल्यावर कळतं.

तिसरी जागा सगळ्यात पक्की: डिजिटल सही, म्हणजे डीएससी. पेन ड्राइव्हसारख्या दिसणाऱ्या टोकनमध्ये सहीची गुप्त किल्ली असते आणि ती त्यातून बाहेर येत नाही, हीच तिची सुरक्षितता. सरकारी पोर्टल ज्यात उघडतं, तो ब्राउझर या टोकनशी थेट बोलू शकत नाही. मध्ये दुभाषा लागतो: टोकनचा ड्रायव्हर आणि सही करवून घेणारा एक छोटा प्रोग्राम. जीएसटीच्या पोर्टलसाठी त्याचं नाव एमसायनर. हे दोन्ही विंडोजसारख्या पूर्ण संगणकावर बसवायचे असतात. आयपॅडला टोकन खोचता आलं, तरी हा दुभाषा त्याच्या बंद खोल्यांच्या घरात राहू शकत नाही.

इथे बारकाईनं पाहिलं तर माणसामाणसात फरक पडतो. कंपनी किंवा एलएलपी असेल, तर जीएसटीच्या विवरणपत्राला डीएससी लागते. एकट्या मालकाचा धंदा असेल, तर मोबाइलवर आलेल्या ओटीपीनं काम भागतं. म्हणजे किराणा दुकानदार आपलं विवरणपत्र टॅबवरून भरू शकेल, पण त्याच्या सीएला लॅपटॉप सोडता येणार नाही. ई-निविदा भरणाऱ्या कंत्राटदाराचीही गाठ याच टोकनशी असते.

मराठी मजकुराची वेगळी गोष्ट

मराठीत छपाईचं काम करणाऱ्यांना एक अडचण जास्तीची आहे, आणि तिच्याविषयी फार कमी बोललं जातं. आपल्याकडची कितीतरी पुस्तकं, अंक आणि लग्नपत्रिका युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत जुळवलेल्या आहेत. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीवर डीटीपीवाल्यांच्या पिढ्या तयार झाल्या. या जुन्या पद्धतीत संगणकाच्या लेखी मजकूर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचाच असतो. फॉन्ट त्यावर देवनागरीचे आकार चढवतो. फॉन्ट काढला, की पडद्यावर अर्थहीन चिन्हांची रांग उरते.

युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. ‘क’चा ०९१५, तो लॅपटॉपवरही तोच आणि टॅबवरही तोच. म्हणून युनिकोडमध्ये लिहिणाऱ्याला टॅबवर मराठीची काहीच अडचण येत नाही. पण जुन्या फॉन्टातली फाइल सुधारायची, तर ते फॉन्ट, त्यांचा कळफलक आणि अक्षरं जुळवणारं सॉफ्टवेअर विंडोजवर हवं. पानांची मांडणी इनडिझाइनमध्ये होत असेल, तर तेही आयपॅडसाठी नाही. प्रकाशनव्यवसायात लिहिणारा आणि मुद्रितं तपासणारा टॅबवर जाऊ शकतो, पानं लावणारा जाऊ शकत नाही.

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांची गत याच्या जवळची. आयपॅडवर स्विफ्ट प्लेग्राउंड्स या ॲपमध्ये २०२१ पासून लहान ॲप पूर्ण बनवता येतं. पण आयपॅडची बहुतेक ॲप ज्या एक्सकोडमध्ये बनतात, ते एक्सकोड फक्त मॅकवर चालतं. आयपॅडचं सामान बनवण्याचा कारखाना आयपॅडमध्ये नाही, यावरून या यंत्राची जागा समजते.

पळवाट आणि हिशेब

यावर एक मार्ग सांगितला जातो: संगणक ऑफिसात चालू ठेवा आणि रिमोट डेस्कटॉपनं टॅबवरून तो वापरा. हा मार्ग खरा आहे. टॅलीसुद्धा अशी चालते. पण त्यासाठी दोन्ही टोकांना चांगलं इंटरनेट हवं, ऑफिसात वीज हवी, आणि मुख्य म्हणजे तो संगणक हवाच. तेव्हा लॅपटॉपची जागा घेतली, असं त्याला म्हणता येत नाही. प्रवासात दोन तासांची सोय झाली, इतकंच.

पैशाचा हिशेबही पुरा मांडावा. जाहिरातीत दिसते ती नुसत्या पाटीची किंमत. त्यात चांगला कीबोर्ड, पेन आणि जास्त स्टोरेज मिळवलं, की आकडा बऱ्याचदा त्याच दर्जाच्या लॅपटॉपपर्यंत पोचतो. कीबोर्डाचं कव्हर लावल्यावर हलकेपणाही बराचसा जातो. आणि दिवसभर पडद्याला बोटं लावून काम केलं, तर खांदा दुखतो, मान झुकलेली राहते.

आठवड्याची परीक्षा

निर्णय घेण्याआधी एक आठवडा वहीत नोंद ठेवा. रोज संगणकावर काय काय केलं ते प्रत्येक काम एका ओळीत लिहा. शनिवारी त्यावर खुणा करा: डीएससी, टॅली, मॅक्रो, जुने मराठी फॉन्ट किंवा फक्त विंडोजवरचं सॉफ्टवेअर कुठे लागलं? अशी एक जरी ओळ असेल आणि ते काम तुमच्याच टेबलावर होणार असेल, तर लॅपटॉप ठेवावा लागेल. शंभरातली नव्वद कामं टॅबवर होतात याला अर्थ नाही. विवरणपत्राच्या मुदतीच्या शेवटच्या रात्री उरलेलं एक काम अडलं, की सगळं अडतं.

खूण पडली नाही, तर दुसरी परीक्षा घ्या, तिला पैसे लागत नाहीत. दोन दिवस आपल्या लॅपटॉपवर सगळं काम फक्त ब्राउझरमध्ये करा, एका वेळी जास्तीत जास्त दोन खिडक्या उघडून. काम सुरळीत झालं, तर तुम्हाला टॅब पुरेल.

घरात एकाच यंत्राचे पैसे असतील आणि मूल अभियांत्रिकीला, वाणिज्य शाखेला किंवा संगणकाच्या अभ्यासक्रमाला जाणार असेल, तर लॅपटॉप घ्या. त्याला पुढे काय लागेल हे आज कोणालाच ठाऊक नसतं, आणि लॅपटॉपवर सहसा काही अडत नाही. ज्याचं काम वाचण्याचं, रेखाटण्याचं, दाखवण्याचं आहे, त्यानं मन मोकळं ठेवून टॅब घ्यावा. मात्र दोघांनीही दुकानात जाताना ती आठवड्याची वही सोबत न्यावी आणि प्रत्येक ओळ विक्रेत्याकडून करून दाखवून मगच पैसे मोजावेत.