बिबट्या आणि आपली चिल्लीपिल्ली

(ऐकायला वेळ नाही म्हणणाऱ्यांसाठी या भागाचा लेखी मजकूर. बोलताना मध्येमध्ये येणारं माझं 'म्हणजे काय की' तेवढं गाळलंय.)

आज सुरुवातीलाच एक विचित्र विनंती. तुम्ही आत्ता आरेतून, मुलुंडच्या डोंगराकडच्या रस्त्याने किंवा बोरिवलीत उद्यानाच्या भिंतीलगत चालत असाल आणि अंधार पडला असेल, तर हा एपिसोड बंद करा. इअरफोन खिशात टाका आणि घरी पोचल्यावर ऐका. गंमत करत नाहीये. का ते पुढे येईलच.

२४ ऑक्टोबर २०२२. दिवाळी, लक्ष्मीपूजनाचा दिवस. आरेच्या युनिट १५ मध्ये पहाटे एक आई देवळात दिवा लावायला निघाली. सोळा महिन्यांची लेक मागोमाग बाहेर आली, ते आईच्या लक्षात आलं नाही. बिबट्याने बाळाला उचललं. बाळ वाचलं नाही.

त्या दिवशी माझ्या फोनवर दोनच प्रकारचे मेसेज फिरत होते : 'बिबट्यांना हलवा' आणि 'माणसांना हलवा'. मुलांना काय सांगायचं, यावर कुणीच बोलत नव्हतं. आता सोळा महिन्यांच्या बाळाला काय शिकवणार? शिकवायचं ते त्याच्या आठ वर्षांच्या ताईला, दहा वर्षांच्या दादाला. आणि संध्याकाळी भाच्यांना खाली खेळायला नेणाऱ्या तुम्हाला-मला.

आधी बिबट्याच्या बाजूने बघू. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं. २०१८ मध्ये जंगलात कॅमेरे लावून मोजणी झाली, तेव्हा उद्यान आणि आसपासच्या भागात ४७ बिबटे आढळले. प्रत्येकाच्या ठिपक्यांची नक्षी वेगळी असते, आपल्या बोटांच्या ठशांसारखी, म्हणून एकेक ओळखता येतो. हे वस्तीकडे येतात ते मुख्यतः भटक्या कुत्र्यांसाठी. आणि कुत्री येतात आपल्या कचऱ्यासाठी.

बिबट्या उंची बघतो. ताठ उभा मोठा माणूस सहसा त्याचं भक्ष्य नसतो. पण ओणवा झालेला, उकिडवा बसलेला, किंवा मुळात कुत्र्याएवढ्याच उंचीचा जीव दिसला की हिशेब बदलतो. सप्टेंबर २०२१ मध्ये आरेत एक बाई ओट्यावर बसल्या आणि बिबट्याने मागून हल्ला केला. त्यांनी हातातल्या काठीने त्याला असं हाणलं की तो पळाला. सीसीटीव्हीतला तो व्हिडिओ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. सगळे काठीबद्दल बोलले, पण मला महत्त्वाचं वाटतं ते त्यांचं 'बसणं'. पाड्यात शौचालय लांब असतं, वाटेवर दिवा नसतो आणि पोरं कोपऱ्यात उकिडवी बसतात. शंभर पोस्टरांपेक्षा त्या वाटेवरचा एक बल्ब जास्त कामाचा, असं माझं मत.

मग मुलांना शिकवायचं कसं? 'बिबट्या येईल, खाऊन टाकेल' असं सांगून नाही. घाबरलेलं मूल पळतं, आणि पळणाऱ्याच्या मागे लागणं हा मांजरकुळाचा स्वभावच आहे. मी भाचीबरोबर स्टॅच्यू खेळतो. मी 'बिबट्या!' ओरडलो की तिने जागच्या जागी ताठ थांबायचं. वाकायचं नाही, बसायचं नाही. हात वर करून मोठं दिसायचं, ओरडायचं, आणि त्याच्याकडे पाठ न करता हळूहळू मागे यायचं. धाकटा भाऊ बरोबर असेल तर त्याला जवळ ओढून घ्यायचं. पहिल्या दिवशी ती किंचाळत जिन्याकडे धावली. चौथ्या दिवशी जमलं.

ओळखही शिकवा. रात्री पत्र्यावर धडधड करणारं लांब शेपटीचं, काळपट जनावर बहुतेक वेळा उदमांजर असतं, त्यावरून सोसायटीत बोंब नको. बिबट्या पिवळसर, अंगावर फुलासारखे पोकळ ठिपके. आणि झुडपात ठिपक्यांचं 'मांजराचं पिल्लू' दिसलं तर उचलायचं नाही, सेल्फी नाही. आई जवळच असू शकते.

आता इअरफोनचं. गल्लीतली कुत्री एकदम, एका सुरात भुंकायला लागतात, ती खूण असते. कानात मी बडबडत असेन तर ती ऐकू येणार नाही. त्यापेक्षा मोबाइलवर मोठ्याने गाणं लावा, टॉर्च लावा. पोरांना मोठ्यांच्या पुढे चालवा, रेंगाळणारं पोर शेवटी नको.

राहिलं 'बिबट्यांना हलवा'. ते करून झालंय. एकीकडे पकडलेला बिबट्या दुसरीकडे सोडला की तो अनोळखी जागेत बिथरतो, आणि रिकाम्या झालेल्या जागी दुसरा येतो. जुन्नर भागातल्या अशा स्थलांतराचा अभ्यास विद्या अत्रेय यांनी केला, तेव्हा हल्ले कमी नाही, वाढलेले दिसले. आपल्याकडे जून २००४ मध्ये एका महिन्यात सुमारे दहा माणसं गेली होती. त्यानंतर काही वर्षांनी, २०११ मध्ये, वनविभाग, अभ्यासक आणि सामान्य नागरिकांनी मिळून 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' सुरू केलं, तेव्हा उद्यानाची जबाबदारी सुनील लिमये यांच्याकडे होती. वस्त्यांमध्ये, शाळांमध्ये जाऊन बोलणं हा त्यातला मोठा भाग.

आणि हो, बिबट्या इमारतीत शिरला तर व्हिडिओसाठी गर्दी करू नका. त्याला पळायची वाट मोकळी ठेवा, पोरांना आत घेऊन दार लावा आणि वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा. नंबर आत्ताच सेव्ह करा, मी थांबतो.

झाला? पुढच्या भागात पावसाळ्यातले साप.