अर्ध्या सेकंदाची खरखर

हौशी रेडिओवाल्याचा हँडसेट मध्येच 'खर्रर्र' करतो. शेजारच्याला वाटतं, बॅटरी उतरली. खरं तर ते दोनच सूर असतात, 1200 आणि 2200 हर्ट्‌झचे, सेकंदाला 1200 बिट या वेगाने आलटूनपालटून वाजलेले. अर्ध्या-पाऊण सेकंदात खेळ आटोपतो आणि तेवढ्यात पाठवणाऱ्याचं कॉलसाइन, तो उभा आहे ती जागा आणि वर दोन शब्दांचा निरोप, सगळं सांगून झालेलं असतं. याला म्हणतात एपीआरएस.

ही पद्धत अमेरिकी नौदल अकादमीतल्या बॉब ब्रुनिंगा यांची. 1984 साली शंभर मैलांच्या दौडीतले घोडे कुठवर आले ते कळावं म्हणून त्यांनी 'व्हिक-20' हा घरगुती संगणक जुंपला. त्याची मेमरी 5 किलोबाइट. रोज सकाळी मावशी पाठवते ते सुप्रभातचं फूल त्यात मावलं नसतं. घोडे मावले.

मला मात्र भुरळ पडते ती जागा सांगण्याच्या हिशेबाची. एपीआरएसच्या आटोपशीर लिपीत अक्षांशाला चार चिन्हं, रेखांशाला चार. प्रत्येक घरात 91पैकी कोणतंही एक. चार घरांचे पर्याय होतात 6,85,74,961 आणि आठ घरांचे सुमारे 47 कोटी कोटी! उत्तर-दक्षिण पायरी येते जेमतेम फुटाची, पूर्व-पश्चिम फार तर दोन फुटांची. म्हणजे समुद्रासकट सगळ्या पृथ्वीवर पंगतीचे पाट मांडायचे आणि प्रत्येक पाटाला आठ चिन्हांचं वेगळं नाव द्यायचं. आता जीपीएसच पाचदहा पाट इकडेतिकडे बसतो, तो भाग वेगळा.

हीच खरखर 145.825 मेगाहर्ट्‌झवर आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाकडे फेकता येते. हँडसेटची ताकद 5 वॅट, घरातल्या एलईडी दिव्याहून कमी. हजार किलोमीटरवरच्या साध्या अँटेनात त्यातला 37 लाख कोटींतला एक हिस्सा पोचतो. तो पुरतो! खरखर संपेपर्यंत स्थानक जवळपास चार किलोमीटर पुढे गेलेलं असतं. ते ऐकलेलं पुन्हा खाली बोलून दाखवतं आणि त्या वेळी ते नागपूरच्या डोक्यावर असेल, तर काबूल, कोलंबो आणि यांगून ही तिन्ही गावं त्याच्या टप्प्यात असतात.

खाली कुणाच्या तरी गच्चीवरचं आयगेट ती खरखर ऐकून इंटरनेटवर सोडतं. दहा आयगेटनी एकच खरखर ऐकली, तर सर्व्हर पहिली ठेवतो आणि 30 सेकंदांच्या आत आलेल्या नकला टाकून देतो. मग नकाशावर ठिपका उमटतो.

आपल्याकडचा किस्सा 2019चा. श्रीहरिकोट्याहून उडालेल्या पीएसएलव्ही-सी45ने उपग्रह सोडले. एरवी इथून पुढे रॉकेटचा चौथा टप्पा म्हणजे भंगार. या खेपेस त्यावर हौशी रेडिओवाल्यांच्या अ‍ॅमसॅट इंडिया या संस्थेचं एपीआरएस यंत्र बसवलेलं होतं आणि टप्पा 485 किलोमीटर उंचीवर आणून ठेवला होता. रॉकेटचं भंगार आपला निरोप पुढे पोचवणार, हे त्या दिवशी घरी सांगणाऱ्यावर कुणी विश्वास ठेवला असेल असं वाटत नाही. तारीख होती 1 एप्रिल.