बदली तासांची वही

५ डिसेंबर २०२५ ला शिक्षकांनी शाळा बंद ठेवल्या. टीईटीची म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेची सक्ती, पटावरून पदं ठरवणारा १५ मार्च २०२४ चा संचमान्यतेचा शासन निर्णय, एक दिवसाच्या पगारकपातीचा इशारा हे सगळं वाचकांनी वाचलेलं आहे, ते पुन्हा सांगत बसत नाही. चर्चा झाली ती शिक्षकांच्या नोकरीची, आणि ती व्हायलाच हवी होती. पण टीईटी आणि संचमान्यता या दोन्ही निर्णयांचा घाव शाळेतल्या ज्या एका खुर्चीवर एकदमच बसतो, तिच्याबद्दल कुणी बोललं नाही. ही खुर्ची उपमुख्याध्यापकांची.

सोमवारी, ८ तारखेला, सकाळी पावणेसातला मी मुंबईतल्या महापालिकेच्या एका माध्यमिक शाळेत पोहोचलो. उपमुख्याध्यापक बाई जिन्याखाली टेबल टाकून बसल्या होत्या. त्यांची खोली वर आहे, पण तिथून फाटक दिसत नाही. जिन्याखालून फाटक दिसतं, मस्टर दिसतं, वर जाणारं प्रत्येक मूल दिसतं. समोर एक लांबडी वही, लाल पेनाने पट्टी धरून आखलेली. गैरहजर शिक्षक, वर्ग, तास, बदली शिक्षक, सही. शाळेत तिला नुसतं ‘बदलीची वही’ म्हणतात.

त्या दिवशी पाच जण नव्हते. दोघं मतदारयाद्यांच्या कामावर, एक प्रशिक्षणाला, एका बाईंचं मूल तापाने फणफणलेलं, आणि पाचवी जागा जूनपासून रिकामीच. पाच शिक्षकांचे मिळून सव्वीस तास. मला वाटलं होतं, कोण मोकळं आहे ते बघायचं आणि नाव लिहायचं. बाईंनी पहिल्या दहा मिनिटांत माझा तो समज घालवला.

आठवी ‘ब’चा तिसरा तास घ्या. मोकळे दोन शिक्षक होते. एक तासिका तत्त्वावर नव्याने आलेला तरुण, दुसरे चित्रकलेचे सर. बाईंनी दोघांनाही लावलं नाही. त्या वर्गातल्या दोन मुलांची गुरुवारी मारामारी झाली होती, शुक्रवारी शाळा बंद, मग शनिवार-रविवार. म्हणजे राग चार दिवस मुरलेला. तिसऱ्या तासानंतर मधली सुट्टी. नवा शिक्षक चाळीस मिनिटं वर्ग सांभाळेलही, पण घंटा झाल्यावर दाराशी काय होईल हे त्याला कळणार नाही. चित्रकलेच्या सरांचा त्याआधीचा तास तिसऱ्या मजल्यावर, ते पोहोचेपर्यंत पाच मिनिटं जाणार, आणि नेमकी ती पाच मिनिटंच वाईट. बाईंनी त्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं. स्वतःचे दोन तास आधीच होते. हा तिसरा.

शाळा चालवणं म्हणतात ते बरंचसं या वहीत असतं. कोणत्या शिक्षकाला सलग पाचवा तास दिला तर तो मुलांवर डाफरतो, कोणत्या वर्गावर कोणाचा शब्द चालतो, कोण कुरकुर न करता सही करतं आणि म्हणून त्याच्यावरच सारखा भार पडत नाही ना, हे सगळं सात वाजायच्या आत डोक्यात जुळवावं लागतं. कोणत्याही सरकारी पोर्टलवर ही माहिती भरली जात नाही. यूडायस, सरल, शालार्थ, अपार यांच्या रकान्यांत तिला जागाच नाही.

सव्वासात वाजता फाटक लोटलं गेलं आणि उशिरा आलेली मुलं ओळीने उभी राहिली. सातवीतला एक मुलगा सलग तिसऱ्या दिवशी त्या ओळीत होता.

“पाणी किती वाजता आलं आज?” बाईंनी विचारलं.

“साडेसहाला, बाई.”

“आई कामावर गेली?”

“पहाटेच गेली.”

“जा वर्गात. पहिला तास गणिताचा आहे. मधल्या सुट्टीत राहिलेलं उतरवून घे आणि वही मला दाखवून जा.”

उशिराच्या नोंदीत त्यांनी मुलाच्या नावापुढे ‘पाणी’ असा एकच शब्द लिहिला. मी ती उशिराची वही चाळली. गेल्या दोन महिन्यांत तो शब्द अकरा वेळा होता. ‘धाकटी बहीण’ चार वेळा, ‘रात्री काम’ दोनदा. कोणत्या गल्लीत पाणी किती वाजता येतं हे बाईंना पाठ आहे. या नोंदी घेऊन त्या दोन घरी जाऊन आल्या आणि शेजारच्या म्हातारीला बादल्या भरायला तयार केलं, हे मला बाईंनी नाही, शिपाईमामांनी सांगितलं.

माझ्या शाळेत सुपरवायझर सर जिन्याच्या वळणावर छडी घेऊन उभे असत. त्यांच्या चपलांचा आवाज आला की अख्खा मजला चिडीचूप होई. लोकांच्या मनात उपमुख्याध्यापक म्हणजे अजून तीच छडी आहे. पण १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि त्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळालाही बंदी घातली. ती योग्यच होती, यात मला कधी शंका वाटली नाही. छडी गेली, पण मारामारी, चोरी, शिवीगाळ, दप्तरातला मोबाइल हे काही गेलं नाही. छडीच्या जागी बोलणं आलं, आणि बोलायला वेळ लागतो. एका मुलाशी नीट बोलायला वीस मिनिटं, त्याच्या आईशी आणखी वीस. हा वेळ कुणाच्या कामात धरलेला आहे? वर्गशिक्षकाला पुढचा तास असतो. मुख्याध्यापक वॉर्डात बैठकीला गेलेले असतात. उरतात त्या जिन्याखालच्या बाई.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या लैंगिक अत्याचाराची घटना उघडकीला आली. त्यानंतर सीसीटीव्ही, तक्रारपेटी, समित्या यांची परिपत्रकं शाळांना गेली. कॅमेरे हवेतच. पण लहान मूल कॅमेऱ्याला काही सांगत नाही. ते रोज दिसणाऱ्या, न ओरडणाऱ्या माणसाजवळ घुटमळतं. मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धचा पॉक्सो कायदा २०१२ चा. त्याच्या कलम १९ प्रमाणे असा गुन्हा कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि कलम २१ प्रमाणे न कळवणं हाच गुन्हा आहे. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर शिक्षा एक वर्षापर्यंतची. म्हणजे मूल घुटमळतंय हे ओळखणं, त्याला उलटसुलट प्रश्नांनी न घाबरवता ऐकून घेणं आणि ‘शाळेची बदनामी होईल’ म्हणणाऱ्यांना न जुमानता पोलिसांत जाणं, हे सारं एका माणसाला जमायला हवं. या बाईंना पद मिळालं ते सेवाज्येष्ठतेने. यांतल्या एकाही गोष्टीचं प्रशिक्षण त्यांना बढतीच्या वेळी मिळालं नाही.

हे दुखणं आपल्याकडचंच नाही. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या एलन गोल्डरिंग यांनी मॉली रुबिन आणि मारिएसा हर्मन यांच्यासह २०२१ मध्ये वॉलेस फाउंडेशनसाठी याच पदाचा एक मोठा आढावा घेतला. २००० नंतरचे ७९ अभ्यास त्यांनी तपासले. शहरी शाळांच्या प्रश्नावर गेल्या काही वर्षांत मी जे वाचलं, त्यात हा अहवाल मला सर्वांत उपयोगी वाटतो, कारण तो ‘आदर्श नेता’ वगैरे शब्दांत न अडकता साधा प्रश्न विचारतो: ही माणसं दिवसभर नेमकं काय करतात? उत्तर असं की, ते शाळेगणिक वेगळं आहे. कुणाकडे नुसती शिस्त, कुणाकडे वेळापत्रक आणि बस, कुणाकडे शिक्षकांचे पाठ पाहून त्यांना सुधारायला मदत करणं. पदाची नीट व्याख्याच नाही. मुख्याध्यापक ठरवेल ते काम.

याच अहवालातली संख्या मात्र आपण नीट पाहायला हवी. १९९० च्या सुमारास तिथल्या सरकारी शाळांत सुमारे ४४ हजार उपमुख्याध्यापक होते, पंचवीस वर्षांत ते सुमारे ८१ हजार झाले. मुख्याध्यापक त्या मानाने फारच थोडे वाढले. तिथल्या तीन चतुर्थांशांहून अधिक मुख्याध्यापकांनी आधी हे पद सांभाळलेलं असतं. शाळेचं काम एका माणसाच्या आवाक्याबाहेर गेलं हे त्यांनी ओळखलं, निदान माणसं तरी वाढवली. या मधल्या पायरीवर नुसती शिस्तीची हमाली करवून घेतली तर चांगला मुख्याध्यापक घडत नाही, शिकवण्याच्या कामात वाटा दिला तर घडू शकतो, असा त्या अभ्यासाचा रोख आहे.

आपल्याकडे काम तसंच वाढलं, पद मात्र आकसतंय. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात मुख्याध्यापक आहे: पहिली ते पाचवीला १५० च्या वर, सहावी ते आठवीला १०० च्या वर मुलं असतील तर. उपमुख्याध्यापक त्या तक्त्यात कुठेच नाही. खासगी अनुदानित शाळांसाठी १९७७ चा कायदा आणि १९८१ ची नियमावली या पदाला ओळखतात, पण ते मिळणं न मिळणं पटसंख्येवर आणि तुकड्यांवर लटकलेलं. शहरात मराठी माध्यमाचा पट घसरतो, तुकडी बंद पडते आणि तिच्याबरोबर हे पद जातं. मुलं कमी झाली म्हणून त्यांच्या घरचं पाणी वेळेवर यायला लागतं असं नाही. उलट शहरातल्या अशा शाळेत उरतात ती बहुतेक ज्यांना दुसरीकडे जाणं परवडत नाही अशा घरांतली मुलं. त्यांच्यासाठी हा माणूस जास्त हवा.

त्यातच मुख्याध्यापकाची जागा रिकामी राहिली की उपमुख्याध्यापकालाच ‘प्रभारी’ करतात. बढती नाही, नुसता भार. मग जिन्याखालचं टेबल ओस पडतं.

आता १ सप्टेंबर २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. न्या. दीपांकर दत्ता आणि न्या. ऑगस्टीन जॉर्ज मसीह यांच्या खंडपीठाने पहिली ते आठवीच्या सेवेतल्या शिक्षकांनाही टीईटी बंधनकारक केली. निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ असलेल्यांना दोन वर्षांची मुदत. पाच वर्षांहून कमी उरलेल्यांना नोकरीपुरती सूट, पण बढती हवी असेल तर टीईटी हवीच. नव्याने भरती होणाऱ्या शिक्षकासाठी ही परीक्षा असावी असं माझं ठाम मत आहे. पण बालमानसशास्त्र, भाषा, गणित, परिसर यांचे बहुपर्यायी प्रश्न सोडवून कुणी आठवी ‘ब’चा तिसरा तास कोणाला द्यायचा हे शिकत नाही. या पदाच्या बढतीसाठी वेगळी तयारी हवी: मुलाचं ऐकण्याची, पॉक्सोची, नव्या शिक्षकाचा पाठ पाहून त्याला सावरण्याची. बढतीआधी महिनाभर अनुभवी उपमुख्याध्यापकाच्या शेजारी बसवलं तरी फार फरक पडेल. सरकार न्यायालयात जावो वा कायदा बदलो, हा प्रश्न त्यात घेतला पाहिजे, आणि हे पद पटसंख्येच्या हिशेबातून सोडवून शहरातल्या प्रत्येक माध्यमिक शाळेला दिलं पाहिजे. संघटनांनीही आपल्या मागण्यांत ते वरच्या ओळीत लिहावं.

दुपारी साडेबाराला शाळा सुटली. आठवी ‘ब’ची ती दोन मुलं बाईंच्या टेबलापाशी उभी होती. एकाचा शर्ट गुरुवारी फाटला होता, दुसऱ्याने घरून सुई-दोरा आणला होता. बटण लागेपर्यंत बाई वहीत उद्याचे तास मांडत होत्या.

या बाईंच्या निवृत्तीचा महिना मे २०२६. सेवाज्येष्ठतेने त्यांच्यानंतर ज्यांचा क्रम लागतो, त्या सहावी ते आठवीला विज्ञान शिकवतात. बदलीच्या वहीवर कधीही कुरकुर न करता सही करणाऱ्या त्याच. त्यांच्या निवृत्तीला चार वर्षं उरली आहेत आणि त्या टीईटी उत्तीर्ण झालेल्या नाहीत. निकालाप्रमाणे त्या निवृत्तीपर्यंत शिकवू शकतील. त्या टेबलावर मात्र बसू शकणार नाहीत.