दलालीचा दर आणि हातात उरणारी रक्कम: वऱ्हाडातील घरविक्रीविषयीचे काही गैरसमज

वऱ्हाडाला दलाल नवा नाही. कारंजा येथे 1886 मध्ये कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला आणि पुढे 1897 च्या वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायद्याने दलाल आणि मापारी यांना परवान्याच्या चौकटीत आणले. देशात बाजार नियमनाचा हा सर्वांत जुना कायदा मानला जातो. ज्या प्रदेशात कापसाच्या दलालीला इतक्या लवकर शिस्त लागली, त्याच प्रदेशात राहत्या घराची दलाली मात्र आजही बव्हंशी तोंडी बोलीवर चालते, आणि त्यामुळे अमरावती-अकोल्यातील घरमालक परवडणारा दलाल शोधताना ऐकीव समजुतींवर विसंबतो.

त्यांतील सर्वांत खोलवर रुजलेली समजूत अशी की, ज्याची टक्केवारी कमी तो दलाल स्वस्त. समजा, अमरावतीच्या साईनगरातील किंवा अकोल्याच्या गोरक्षण रोडवरील एका घराची 40 लाख रुपये किंमत मालकाला अपेक्षित आहे. एक टक्का घेणारा आणि दोन टक्के घेणारा यांच्या दलालीत 40,000 रुपयांचा फरक पडतो. पण पहिल्याने एकच गिऱ्हाईक आणून सौदा 38 लाख 50 हजारांत उरकला आणि दुसऱ्याने चार गिऱ्हाइके दाखवून पूर्ण किंमत मिळवून दिली, तर मालकाच्या हाती अनुक्रमे 38,11,500 आणि 39,20,000 रुपये पडतात; म्हणजे ‘स्वस्त’ दलाल एक लाखाहून अधिक महाग ठरतो. याचा अर्थ जादा दर घेणारा अधिक कष्ट करतोच असा नाही. किंमत एक लाखाने वाढली, तरी दोन टक्केवाल्याच्या पदरात केवळ 2,000 रुपये अधिक पडतात, त्यामुळे घासाघीस करत थांबण्यापेक्षा सौदा लवकर मिटवणे त्यालाही सोयीचे असते. स्टीव्हन लेविट आणि चॅड सिव्हरसन या अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी 2008 मध्ये प्रसिद्ध केलेल्या, शिकागो परिसरातील घरविक्रीच्या अभ्यासात असे आढळले की, दलालांची स्वतःची घरे इतरांच्या तशाच घरांपेक्षा सुमारे 3.7 टक्के अधिक किमतीला विकली गेली आणि त्यासाठी ती साधारण साडेनऊ दिवस अधिक काळ बाजारात ठेवली गेली. म्हणून दर विचारण्याआधी, त्याच वस्तीत अलीकडे कोणते सौदे किती किमतीला झाले हे दलालाला विचारावे आणि नोंदणी विभागाच्या ई-सर्च सुविधेवर मिळणाऱ्या ‘इंडेक्स टू’शी, म्हणजे नोंदलेल्या दस्ताच्या गोषवाऱ्याशी, ते ताडून पाहावे. रेडी रेकनरचा दर म्हणजेच बाजारभाव असे सांगणाऱ्या दलालापासून सावध राहणे बरे. तो दर मुद्रांक शुल्क आकारण्यासाठी शासनाने ठरवलेला असतो.

‘दोन टक्के हा सरकारी दर आहे’ हे विधानही निराधार आहे. घराच्या दलालीचा दर कोणत्याही कायद्याने ठरवलेला नाही. तो केवळ रिवाज आहे आणि बोलणी करून कमी होऊ शकतो. तसेच महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक नसलेला प्रत्येक दलाल बेकायदा असतो, असेही नाही. 2016 च्या स्थावर संपदा कायद्यातील कलम 9 नोंदणीकृत प्रकल्पांतील सदनिका व भूखंडांच्या विक्रीत मध्यस्थी करणाऱ्यांना नोंदणी बंधनकारक करते. अकोल्याच्या जठारपेठेतील जुन्या घराची फेरविक्री सहसा या कक्षेत येत नाही. तरीही नोंदणीकृत दलालाला प्राधान्य देण्यात शहाणपण आहे, कारण महारेराने दलालांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षा आवश्यक केली आहे.

दलाली केव्हा द्यावी लागते, हा वाद सहसा इसार मोडल्यावर उद्भवतो. इसार, म्हणजे सौदा पक्का करताना दिलेली आगाऊ रक्कम, हाती पडताच दलालाचा हक्क तयार होतो अशी सर्वसाधारण धारणा आहे. 1872 च्या भारतीय करार कायद्यातील कलम 219 नुसार मात्र वेगळा करार नसेल, तर सोपवलेले काम पूर्ण होईपर्यंत मोबदला देय होत नाही. ‘काम’ म्हणजे गिऱ्हाईक आणणे की रजिस्ट्री होणे, हे कायदा ठरवत नाही, ते उभयतांनी लिहून ठेवावे लागते. याच कायद्याचे कलम 216 घरमालकाच्या विशेष उपयोगाचे आहे: दलालाने मालकाच्या नकळत स्वतःसाठीच व्यवहार केला, उदाहरणार्थ मालकाला कमी किंमत सांगून मधला फरक खिशात घातला, तर तो लाभ मालक मागू शकतो.

कागदपत्रांचे सारे दलाल पाहून घेतो, हा समज विदर्भात विशेष महागात पडतो. येथील जुन्या वस्त्यांतील कित्येक भूखंड नझूल, म्हणजे शासनाच्या मालकीचे व भाडेपट्ट्याने दिलेले आहेत. अशा भूखंडावरील घर विकण्यापूर्वी पट्ट्याच्या अटी, त्याची मुदत, नूतनीकरण आणि हस्तांतरणाची परवानगी तपासावी लागते. अन्यत्र ज्याला मालमत्ता पत्रक म्हणतात, त्या आखीव पत्रिकेतील धारणाधिकाराचा रकाना आणि मृत आजोबांचे नाव अजून तसेच आहे का, हे भूमी अभिलेख कार्यालयातून ताजा उतारा काढून मालकानेच पाहिले पाहिजे. लेआउटमधील घर असेल, तर अकृषक आदेश आणि मंजूर नकाशा यांचीही भर पडते. या त्रुटी इसारानंतर उघड झाल्या, तर गिऱ्हाईक त्यांचे कारण दाखवून लाखाने किंमत पाडते, आणि तेवढी रक्कम कोणत्याही स्वस्त दलालामुळे भरून निघत नाही.

दलाली रोखीत, बिलाविना दिली की जीएसटी वाचतो, हा हिशेबही अर्धवट आहे. जीएसटीखाली नोंदणी असलेला दलाल 18 टक्के जीएसटी लावतो. 40 लाखांच्या घरावरील दोन टक्के, म्हणजे 80,000 रुपयांच्या दलालीवर तो 14,400 रुपये होतो. परंतु विक्रीसाठीच झालेला खर्च भांडवली नफ्यातून वजा करता येतो, आणि त्यासाठी बिल व बँकेतून केलेला भरणा हा उत्तम पुरावा असतो. 12.5 टक्के कर लागू असेल, तर 80,000 रुपयांच्या वजावटीमुळे सुमारे 10,000 रुपयांचा कर कमी होतो. शिवाय जीएसटी नोंदणीची मर्यादा सेवांसाठी वार्षिक 20 लाख रुपये असल्याने वऱ्हाडातील अनेक लहान दलाल या कराच्या बाहेर असतात. त्यांच्याकडून केवळ सहीची पावती मागितली, तरी वजावटीचा आधार हाती राहतो.